फोर्कलिफ्टची वाट आणि माणसांची वाट : बुटीबोरीजवळच्या शेडच्या कामाच्या नोंदी

काम असं: नागपूरहून निघणाऱ्या वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे गोदामाची मोठी शेड. पाया आणि खांब झालेले, भिंती, छत आणि फरशी बाकी. एएसी ब्लॉक (भिंतीचे हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), सिमेंट, टाइल्स, पर्लिन (छताचे पत्रे पेलणाऱ्या लांब लोखंडी पट्ट्या), पत्रे असा माल रोज उतरतो. त्यासाठी महिन्याच्या भाड्यावर तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट घेतली, मास्ट (माल वर-खाली नेणारा समोरचा उभा सांगाडा) दोन टप्प्यांचा, उचल तीन मीटर. जमीन काळी. कामगार बहुतेक बालाघाट, शिवनी आणि छत्तीसगडचे. असंच मशीन कच्च्या साइटवर आणणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. आकडे याच साइटचे आहेत, तुमच्याकडे मशीनवरची पाटी आणि पायाखालची माती बघूनच ठरवा.

४ एप्रिल : मशीन येण्याआधी ओलांडणाऱ्यांची मोजणी

मशीनची वाट कागदावर ठरलेली होती. मुख्य गेट, उतरवण्याची जागा, सिमेंटचं गोदाम, मग उत्तरेकडून शेडच्या आत. ही रेघ कोण ओलांडतं आणि कशासाठी, एवढंच लिहायला सकाळी सात ते अकरा एक माणूस बसवला. त्याचा कागद पाहिल्यावर आराखडा बदलावा लागला. सामान घेऊन ओलांडणारे थोडेच निघाले. बाकी सगळे पाण्याला, संडासला, मुकादमाकडे हजेरीला आणि गेटबाहेर चहाला जाणारे.

आधीचा बेत नेहमीचा होता: वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा आणि सावधानतेचे फलक. पण तहानलेला माणूस फलक वाचून वळसा घालत नाही, तो सरळ टाकीकडेच जातो. म्हणून ओलांडण्याची कारणंच हलवली. पाण्याची दुसरी टाकी (हजार लिटर, स्टँडवर, वर पत्र्याची सावली) लेबर राहते त्याच बाजूला बसवली. एक इंची पाइप ओढून दोन तोट्या काढल्या. हजेरीचं टेबल तिकडेच नेलं. चहाच्या बाजूने कुंपणात फक्त माणसांपुरतं, सव्वा मीटर रुंदीचं वेगळं फाटक काढलं. टाकी, पाइप, फाटक मिळून २३ हजार गेले. संडास हलवता आला नाही, मैल्याची टाकी आधीच बांधून झाली होती. तिथे एकच ठरलेली ओलांडण्याची जागा ठेवली.

शक्य तेवढ्या गोष्टी मशीन यायच्या आधी करा. एकदा माल उतरायला लागला की टाकी हलवायला कुणाला वेळ नसतो.

९ एप्रिल : भाड्याचं मशीन परत पाठवलं

मशीन नवा रंग मारून आलं. रंगाकडे बघून उपयोग नाही, आधी फोर्कची, म्हणजे मालाखाली जाणाऱ्या लोखंडी दांड्याची, टाच बघायची. फोर्क उभ्यातून आडवा वळतो ती जागा. भार तिथे येतो आणि जमिनीवर घासून झिजतेही तीच. व्हर्नियरने आधी फोर्कच्या उभ्या भागाची जाडी घेतली, कारण तिथे झीज नसते. ती ४५ मिमी भरली. टाचेला डावा फोर्क ४१, उजवा ३९.५. दहा टक्के झिजला की फोर्क बाद, म्हणजे ४५ ला मर्यादा ४०.५. दहा टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्या झिजेने पेलण्याची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी उतरते.

भाडेवाल्याचं म्हणणं पडलं की टाचेला वेल्डिंगचा थर भरून देतो. हे कधीही मान्य करू नका. फोर्कचं पोलाद उष्णता देऊन मुद्दाम कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या धगीने तो गुण जातो आणि तडा तिथूनच धरतो. एक फोर्क जुना, एक नवा असंही चालत नाही, जोडीच बदलायची.

त्याच दिवशी बघितलेलं बाकीचं:

फोर्कची टोकं एका पातळीत आहेत का. लांबी १०७० मिमी असेल तर दोन टोकांत ३२ मिमीपर्यंत फरक चालतो (लांबीच्या तीन टक्के). इथे ११ होता.

फोर्क जागेवर धरणाऱ्या पिना. उजवीकडची पिन नव्हती, तिथे वाकवलेला खिळा घातलेला. अशा वेळी खडबडीत जागेवर फोर्क कॅरेजवर (फोर्क अडकवलेल्या चौकटीवर) सरकतो आणि पॅलेट (माल रचलेली फळ्यांची चौकट) एका बाजूला लवतं.

मास्टची साखळी. ही १९.०५ मिमी पिचची (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) होती. २० पिचचं माप कोरं असताना ३८१ मिमी येतं. तीन टक्के ताणली, म्हणजे ३९२ च्या पुढे गेली, की बदलायची. माप पुलीवरून रोज फिरणाऱ्या भागात घ्यायचं. टोकाजवळ घेतलं तर साखळी नेहमी चांगलीच दिसते. इथे ३८६ भरली, ठीक.

मास्ट खाली बसतो का. भार वर धरून इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो. शंभर मिमीपर्यंत मर्यादा, हा ६० बसला. सकाळी सात वाजता घेतलेलं हे माप पुरेसं नव्हतं, ते मे महिन्याच्या नोंदीत येईल.

फोर्कची नवी जोडी आणि दोन्ही पिना बसवून मशीन १२ तारखेला परत आलं. तोवर ब्लॉक हाताने उतरवले, ट्रकवाल्यांना थांबण्याचे पैसे द्यावे लागले. मशीन गेटच्या आत घेण्याआधी भाडेवाल्याच्या आवारात जाऊनच हे माप घ्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

१६ एप्रिल : वाट बसवली, एका टोकाला खचली

मध्ये १४ ला सुट्टी होती, तरी काम उरकलं. पण पुन्हा उकरावं लागलं, त्याचं कारण सविस्तर लिहितो. नागपूरच्या आसपास बहुतेकांना हाच अनुभव येईल.

एप्रिलमध्ये काळी माती दगडासारखी असते. भेगा पडलेल्या, पहारीने खणकन वाजते. ते बघून पहिले तीस मीटर माती न काढता वरच मुरूम टाकून रोलर फिरवला. दिसायला उत्तम रस्ता झाला. मग पाण्याच्या टँकरचा कॉक रात्रभर गळला आणि सकाळी रिकाम्या मशीनचं मागचं चाक तिथे अर्ध्यावर रुतलं. भरलेलं असतं तर कलंडलंच असतं.

हिशोब बघा. तीन टनी मशीनचं स्वतःचं वजन सुमारे ४.३ टन. तीन टन माल उचलला की ७.३. त्यातलं साडेसहा टनांच्या आसपास पुढच्या दोनच चाकांवर येतं, एका चाकाखाली तीन टनांहून जास्त. वर हे मशीन गोदामाच्या सपाट फरशीसाठी बनवलेलं. पुढची दोन चाकं आणि मागच्या ॲक्सलचा मधला खुंटा, अशा तीन टेकूंवर ते उभं असतं. भारासकट गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की मशीन पडतं. मागची चाकं रुंद दिसली तरी तो ॲक्सल मध्यावर झुलतो, त्यामुळे बाजूला पडताना मागच्या रुंदीचा आधार मिळत नाही. एका बाजूची जमीन काही इंच खचली आणि मास्ट वर असला, तर ऑपरेटर कितीही कसलेला असो, सावरायला वेळ नसतो.

म्हणून सगळी वाट नव्याने केली. ९० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, वळणांवर पाच मीटर (सव्वा मीटरचं पॅलेट घेऊन काटकोनात वळायला या मशीनला सव्वाचार मीटर तरी लागतात). काळी माती ४५० मिमी काढली. तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, नाहीतर पावसाळ्यात गिट्टी हळूहळू मातीत बुडते. त्यावर मुरूम १५० मिमीचे दोन थर, प्रत्येक थर पाणी मारून वेगळा दाबला. वर १५० मिमी वेटमिक्स (पाणी मिसळून दाबलेली खडी आणि चुरा). मधून बाजूला पन्नासाला एक उतार. मुरूम सुमारे ४२ ब्रास लागला. कापड, जेसीबी, रोलर धरून एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे खर्च गेला. पहिले तीस मीटर दोनदा केल्याचे पैसे यात वेगळे.

मुरूम घेताना ट्रक रिकामा करण्याआधी मूठभर घ्या, थोडं पाणी टाकून आवळा. लाडवासारखा गोळा होऊन तसाच राहिला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा. दोन ट्रक परत पाठवले तेव्हा तिसऱ्यापासून खडीचा मुरूम यायला लागला.

नाल्यासाठी खणलेला चर वाटेच्या शेजारून जातो. चर जेवढा खोल तेवढं अंतर तरी चाक लांब हवं, काळ्या मातीत त्याहून जास्त. चर दीड मीटर खोल होता. कडेपासून अडीच मीटरवर लाकडी स्लीपर खुंट्या ठोकून आडवे बसवले. चुन्याची रेघ दोन दिवसांत पुसली जाते, चाक अडवणारं काहीतरी पाहिजे.

२२ एप्रिल : पाटीवरचे तीन टन आणि प्रत्यक्षातले

मशीनवर ३००० किलो लिहिलंय म्हणजे काहीही तीन टन उचलता येतं, असं जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. पाटीवर त्याच्या शेजारी ५०० मिमी असतं, ते महत्त्वाचं. फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाचा मध्य ५०० मिमीवर असेल तरच तीन टन. मध्य पुढे सरकला की क्षमता उतरते. या मशीनच्या पुढच्या ॲक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत सुमारे ४७५ मिमी आहे. त्या हिशोबाने मध्य ६०० वर गेला की साधारण २७०० किलो, ८०० वर २३०० च्या आत. हा फक्त अंदाज घेण्याचा हिशोब. शेवटचा शब्द पाटीवरच्या तक्त्याचा, आणि मास्ट पूर्ण वर असताना तो आणखी कमी असतो.

सिमेंटचं पॅलेट सव्वा मीटर खोल, म्हणजे मध्य सहाशेच्या जरा पुढेच. पन्नास गोण्यांचे अडीच टन होतात. कागदावर बसतं, पण पॅलेट पूर्ण आत गेलं नाही किंवा थर पुढे झुकला की मर्यादा संपली. चाळीस गोण्यांवर, म्हणजे दोन टनांवर, थांबायचं ठरवलं. टाइल्स ६०० बाय ६०० च्या, चारच्या खोक्याचं वजन २७-२८ किलो, एका पॅलेटवर चाळीस खोकी म्हणजे अकराशे किलोच्या आसपास. ब्लॉकचं पॅलेट कोरडं असताना हलकं, पण एएसी पाणी पितो. पावसात भिजलेल्या ब्लॉकचा एक थर कमी लावायचा.

हे आकडे ऑपरेटरच्या समोर चित्रासकट लावले: गोणीचं चित्र आणि ४०, खोक्याचं चित्र आणि ४०. किलो आणि मिलिमीटरचा तक्ता मास्टच्या मागे बसून कुणी वाचत नाही.

२९ एप्रिल : ट्रक उतरवताना पलीकडची बाजू

सगळ्यात जास्त धोका इथे आहे, आणि ऑपरेटरला तो दिसतच नाही. ट्रकच्या हौद्यात रुंदीत दोन पॅलेट असतात. अलीकडचं उचलताना फोर्क पुढे गेला तर पलीकडचं पॅलेट ढकललं जातं आणि ट्रकच्या दुसऱ्या बाजूला पडतं. तिथे नेमका क्लीनर दोरी सोडत असतो. टाइल्सचं पॅलेट एक मीटरचं आणि फोर्क १०७० मिमीचा, म्हणजे पूर्ण आत घातला की टोक सत्तर मिमी पलीकडे निघणारच. फोर्कवर पाठीपासून ९५० मिमीपासून टोकापर्यंत लाल पट्टा मारला. टाइल्स उतरवताना टोकाकडचा हा लाल भाग पॅलेटच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही, म्हणून पॅलेट फोर्कच्या पाठीला टेकवायचं नाही, थोडं अलीकडे थांबायचं. मध्य सत्तर-ऐंशी मिमी पुढे जातो, पण अकराशे किलोला ते चालतं.

दोरी आणि ताडपत्री दोन्ही बाजूंनी सोडून झाल्यावरच मशीन जवळ आणायचं. ड्रायव्हर-क्लीनरला उभं राहायला गेटजवळ सावलीची एक जागा आखली, बाकडं ठेवलं.

दुसरा धोका ट्रक पुढे निघण्याचा. चाकाला लाकडी ओट लावतो, पण चावी हातात असली पाहिजे. ड्रायव्हर चावी द्यायला राजी नव्हते. एकाचं म्हणणं, "चावी कायले पाहिजे भाऊ, मी खाली उतरलोच नाही तर गाडी हालन कशी?" पण केबिनमध्ये बसलेला माणूसच तर हवा असतो बाहेर. वाद घालण्यात रोज वेळ गेला. शेवटी चालान गेटवर घेऊन खुंटीला लावायला सुरुवात केली. त्याच खुंटीला चावी लागल्याशिवाय चालानवर सही होत नाही. सहीशिवाय भाडं निघत नाही, त्यामुळे चावी आपोआप यायला लागली.

७ मे : उन्हाने बदललेल्या गोष्टी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. मशीनची वेळ सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेचार ते अंधार पडेपर्यंत केली.

बेल्ट कुणी लावत नव्हतं. आधी वाटलं आळस आहे. बकल हाताला लावून बघितलं तेव्हा कारण कळलं. उघड्यावर उभ्या मशीनचं लोखंडी बकल आणि काळं रेक्झिन चटका बसेल इतकं तापतं. ऑपरेटर बेल्ट सीटवर पसरून त्यावरच बसत होता. सीटला सुती खोळ शिवली, बकलवर कापडी टोपी चढवली, मशीन उभं करायला शेडनेटची सावली केली. खर्च दोन हजारांच्या आत, आणि बेल्ट लागायला लागला. मशीन कलंडताना माणूस उडी मारायला बघतो आणि वरच्या लोखंडी पिंजऱ्याखालीच चिरडला जातो. बेल्ट त्याला जागेवर धरतो. कलंडलंच तर उडी मारायची नाही. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे ऑपरेटरकडून मशीन उभं असताना पुन्हा पुन्हा करवून घेतलं. नुसतं सांगून ऐन वेळी आठवत नाही.

ऊन लागतं म्हणून ऑपरेटरने डोक्यावरच्या पिंजऱ्यावर हिरवी जाळी बांधली होती. त्याची अडचण खरी होती, पण जाळीतून वर उचललेला माल दिसत नाही. जाळी काढून पिंजऱ्याच्या फक्त मागच्या तिसऱ्या भागावर धुरकट पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवला. ऊन थोडं अडतं, समोर आणि वर मोकळं.

मास्ट बसण्याची चाचणी सकाळी साडेदहाला, तेल तापलेलं असताना पुन्हा घेतली. एप्रिलच्या थंड सकाळी दहा मिनिटांत ६० मिमी बसलेला मास्ट आता ११५ बसला. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून जास्त गळतं. लिफ्ट सिलिंडरचं सील किट बदललं, मग ४० वर आला. विदर्भात भाड्याचं मशीन घेताना ही चाचणी गरम तेलावरच घ्या.

रेडिएटर सिमेंटच्या धुळीने आठवड्यात गच्च होतो. हवा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारायची, त्याच दिशेने मारली तर धूळ आणखी आत बसते. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही.

१९ मे : हॉर्न, निळा दिवा आणि कान

मागे जाताना वाजणारा भोंगा लावला होता. मिक्सर आणि जनरेटर चालू असले की तो दहा मीटरवर ऐकू येत नाही. मशीनपुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा अठराशेला आणला. शेडच्या आत आणि संध्याकाळी चांगला दिसतो, पण भर उन्हात मुरुमावर शून्य. उघड्या साइटवर त्याच्या भरवशावर राहू नका.

खरी अडचण रेजांची, म्हणजे माल वाहणाऱ्या मजूर बायकांची. डोक्यावर घमेलं, त्याखाली चुंबळ, आणि उन्हापासून दुपट्टा डोक्या-कानांभोवती घट्ट गुंडाळलेला. मान वळवता येत नाही, वर बघता येत नाही, आवाज दबून येतो. दुपट्टा सोडा असं ४५ डिग्रीत कुणालाही सांगू शकत नाही, सांगूही नये. म्हणजे आवाजाने सावध करण्याचा सगळा बेत या बायकांसाठी निरुपयोगी आहे. त्यांची वाट पूर्ण वेगळीच पाहिजे.

आधी पाणी भरण्याचे प्लास्टिकचे बॅरिकेड आणले होते. पाणी उडून जातं, रिकामा बॅरिकेड कुणीही पायाने बाजूला करतं. ते परत केले. जुन्या ड्रममध्ये काँक्रीट भरून स्कॅफोल्डिंगचे पाइप उभे केले आणि एक मीटर व अर्धा मीटर उंचीवर दोन आडवे पाइप बांधले. आतल्या बाजूने सव्वा मीटरची पायवाट. मशीनच्या वाटेपासून रेलिंग ६०० मिमी लांब ठेवलं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळणावर तिचा मागचा जड भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो. ऑपरेटरचं लक्ष तेव्हा समोरच्या फोर्कवर असतं. पाइप साइटवरचेच होते, ड्रम, काँक्रीट आणि क्लॅम्पचे १७ हजार झाले.

ओलांडण्याच्या एकमेव जागेवर दोन्ही बाजूंना आपोआप मिटणारी फाटकं आणि सिग्नलमन. सिग्नलमनच्या हातात झेंडा आहे, पण नियम एकच: ऑपरेटरला सिग्नलमन दिसला नाही की मशीन जागेवर थांबतं. सूचना हिंदी आणि मराठीत, शक्य तिथे फक्त चित्र.

बूट वाटले होते, तरी रेजांच्या पायात स्लिपरच दिसायची. सगळे बूट आठ-नऊ नंबरचे आणलेले. चार आणि पाच नंबरचे मागवल्यावर घातले गेले. मागच्या चाकाखाली पाऊल येणं ही या मशीनची नेहमीची इजा आहे, तेव्हा मागणी देताना नंबर लिहून द्या.

२८ मे : पॅलेटवर चढलेला माणूस

शेडमधला दिवा बदलायला वायरमन पॅलेटवर उभा राहिला आणि मशीनने त्याला वर नेलं. काही झालं नाही, तरी काम थांबवलं. पॅलेटला कठडा नसतो, फोर्कवर ते नुसतं टेकलेलं असतं आणि मास्ट जरा हलला तरी माणूस खाली येतो. रागावून हे थांबत नाही. चाकांचं स्कॅफोल्ड शेडच्या दुसऱ्या टोकाला कुलपात होतं, मशीन मात्र समोर उभं. स्कॅफोल्ड स्टोअरजवळ आणलं, चाकांचे ब्रेक दुरुस्त केले, कुलूप काढलं.

मशीन त्या वेळी ऑपरेटर चालवतच नव्हता, तो जेवायला गेला होता. चावी त्याच्याच खिशात होती. पण एकाच कंपनीच्या बऱ्याच मशीनना एकच चावी लागते आणि दुसरी कुणाकडे तरी असतेच. बॅटरीच्या वायरवर काढता येणाऱ्या दांडीचा कटऑफ स्विच बसवला, मजुरीसकट नऊशे रुपये. दांडी ऑपरेटरच्या गळ्यात. उतरताना क्रम ठरलेला: फोर्क जमिनीवर टेकवून टोकं किंचित पुढे झुकवायची, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, दांडी काढायची.

६ जून : पर्लिन आणि पत्रे

सहा मीटरची पर्लिन फोर्कवर आडवी घेतली की साडेतीन मीटरच्या वाटेत ती दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा मीटर बाहेर येते, म्हणजे थेट पायवाटेवर. फोर्क पूर्ण रुंद करून, गठ्ठा कॅरेजला साखळीने बांधून रिकाम्या जागेत चालवून बघितलं. टोकं वरखाली झोके घेतात आणि प्रत्येक झोक्याला मशीन डोलतं. हा प्रयोग तिथेच बंद केला.

आता लांब माल क्रेनने उतरतो, दोन टोकांना दोन टॅगलाइन (माल फिरू नये म्हणून खालून धरायचे दोर), आणि जिथे लागणार तिथेच. क्रेनचं भाडं दिवसाला येतं, म्हणून पुरवठादाराला पत्रे आणि पर्लिन एकाच दिवशी पाठवायला सांगितलं. फोर्कलिफ्टने फक्त चार मीटरपर्यंतचे तुकडे, तेही पायवाट रिकामी करून.

२० जून : पहिल्या मोठ्या पावसानंतर

वाट टिकली. कापड घातल्याचा फायदा दिसला, गिट्टी वरच आहे. कडा मात्र अर्ध्या मीटरपर्यंत मऊ झाल्या. तिथे खुंटे ठोकून वाटेची वापरायची रुंदी अडीच मीटर केली. पाऊस थांबल्यावर लगेच मशीन काढायचं नाही, आधी पहार घेऊन वाटेवरून चालायचं. जिथे पहार सहज आत जाते तिथे मशीन नाही.

शेडच्या आत दहाला एक असा रॅम्प आहे. भरलेलं मशीन चढताना सरळ पुढे, उतरताना मागे, म्हणजे माल कायम चढाकडे. रिकामं असेल तर उलट, फोर्क उताराकडे. रॅम्पवर वळायचं नाही. चाकाला चिखल असला की हँडब्रेक लावूनही मशीन घसरलं. त्यामुळे रॅम्पच्या पायथ्याशी चाकं धुवायला पाइप ठेवला, आणि पाऊस चालू असताना रॅम्प बंद.

पाणी भरलेल्या खड्ड्यांतून गेल्यावर ब्रेक उशिरा लागतात. रोज सकाळी पहिली चाचणी रिकाम्या मशीनने, फोर्क १५० मिमीवर.

४ जुलै : अपघात झालाच तर

भिंतीवर लावलेला कागद आज बदलला. आधीच्या कागदावर फक्त फोन नंबर होते. आता क्रम आहे. मशीनखाली कुणी अडकलं तर पहिल्यांदा इंजिन बंद, चाकांना ओट. मशीन पुढे-मागे करायचं नाही, दुसऱ्या फोर्कलिफ्टने उचलायचंही नाही. १०८ ला फोन. त्याच वेळी एक माणूस मुख्य रस्त्यावर, कारण आतल्या वळणावर ॲम्ब्युलन्स चुकते. इथून वर्धा रोडने शहराकडे जाताना मिहानमधलं एम्स आधी लागतं, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) त्याच्या बरंच पुढे. कुठे न्यायचं हे ॲम्ब्युलन्सवालाच ठरवेल, पण वाट कोणती मोकळी आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. बॅटन लाइट आणि लाकडी ओट गेटच्या खोलीत, कुलपाशिवाय.

ओलांडण्याची मोजणी आज पुन्हा घेतली, एप्रिलच्याच चार तासांची. रेघ ओलांडणारे आता जवळजवळ सगळे संडासला जाणारे, आणि ते फाटकातूनच जातात. एक नवीन जागा सापडली: शेडच्या दक्षिणेला फरशीचं काम सुरू झालं आहे आणि तिथले मिस्त्री मिक्सरकडे जायला रेलिंगखालून वाकून येतात. उद्या मिक्सर त्यांच्या बाजूला हलवायचा आहे. त्यासाठी रेती टाकायची जागाही बदलेल. तोवर त्या टोकाला मशीन बंद.